जनरल हरडांनी मागितलेली वाटणी

वैशाखऱ्याच्या शाळेत मी १९९८ साली शिक्षक म्हणून रुजू झालो आणि धाऊ हरड यांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहू लागलो. माझ्या घरमालकाचा धाकटा भाऊ परदेशात भारताचा राजदूत आहे आणि त्याआधी तो फौजेत लेफ्टनंट जनरल होता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पण ते सांगितलं माळशेजच्या रस्त्यावरच्या चहावाल्याने. घरी येऊन मी विचारलं तेव्हा धाऊ बैलांना पेंढा टाकत होते.

"हाय," ते म्हणाले. "कोंड्या आमचा. आफ्रिकेत हाय कुठं तरी."

आणि ते पुन्हा पेंढ्याकडे वळले.

पुढे अकरा वर्षं मी त्या गावात काढली. त्यातली आठेक वर्षं जनरल हरड माझे शेजारी होते. त्यांच्यावर वर्तमानपत्रांत थोडंफार छापून आलं, पण ते सगळं त्यांच्या गणवेशातल्या दिवसांबद्दल. मला माहीत असलेला माणूस त्यानंतरचा आहे.

आधीचं थोडक्यात सांगतो. कोंडू हरड १९३८ सालचे. भातशेती करणाऱ्या घरातला दुसरा मुलगा. सातवीपर्यंत शिकले आणि अठराव्या वर्षी कल्याणला जाऊन फौजेत भरती झाले. थोरल्या धाऊंनाही जायचं होतं, पण वडिलांची नजर अधू झाली होती आणि नांगराला एक जण लागणार होता. बेळगावात शिपाई म्हणून कोंडूंचं प्रशिक्षण झालं. तिथल्या एका अधिकाऱ्याने त्यांना रात्रशाळेत बसवलं, इंग्रजी शिकवलं. दरम्यान डोळखांबकडच्या एका पाड्यातल्या लहानीशी लग्न झालं. चीनच्या लढाईनंतर फौजेला अधिकारी कमी पडत होते. निवडीत कोंडू पास झाले आणि शिपायाचे अधिकारी झाले. पुढची तीस वर्षं ते बढत्या घेत राहिले. गावात मेजर म्हणजे काय ते लोकांना ठाऊक होतं. ब्रिगेडियर हा शब्द कुणाला नीट म्हणता येईना, म्हणून तिथून पुढे सगळे त्यांना नुसतं "साहेब" म्हणू लागले.

१९७२ साली वडील वारले. तेराव्याला कोंडूंनी पंचांसमोर सांगितलं, की जमीन सगळी दादाची, मला त्यातलं काही नको. सातबाऱ्यावर नावं दोघांची राहिली, कारण ती बदलायला कुणी मुरबाडला गेलंच नाही. पण शब्द दिला गेला होता आणि गावाने तो ऐकला होता.

१९९६ला ते निवृत्त झाले. वर्षभराने सरकारने त्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहान देशात राजदूत म्हणून पाठवलं. तिथे यादवी चालली होती. पूर्वी शांतिसेनेबरोबर ते त्या भागात राहून आलेले होते, म्हणून त्यांची निवड झाली असावी.

तिथे काय घडलं ते मी लहानीबाईंकडून ऐकलं. परदेशातून परतल्यावर २००१च्या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदा वैशाखऱ्याला आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. चाळीस वर्षं छावण्यांमध्ये राहिल्याने त्यांच्या बोलण्यात हिंदी आणि इंग्रजी सहज येई. जनीबाईंशी, म्हणजे धाऊंच्या बायकोशी बोलायला लागल्या, की मात्र डोळखांबची बोली परत येई. पडवीत दोघी जावा वाल सोलत बसल्या होत्या. जनीबाईंनीच विचारलं, "लढाईत तू पन व्हतीस म्हने?"

लहानीबाईंनी सांगितलं ते असं. त्या देशाची राजधानी बंडखोरांनी वेढली. विमानतळ बंद पडला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणारी सिंधी आणि गुजराती कुटुंबं होती. ती सगळी राजदूताच्या बंगल्यात येऊन राहिली. बंदरात जहाज उभं होतं, पण बंदराच्या रस्त्यावर एक पूल होता आणि पूल बंडखोरांच्या ताब्यात होता. त्यांचा म्होरक्या पूर्वी तिथल्याच फौजेत सार्जंट होता. जनरल त्याच्याशी वायरलेसवर बोलले. तो म्हणाला, शिपाई न घेता या.

"दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले, तयार हो, जरा बाहेर जाऊन येऊ," लहानीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, हॉस्पिटलात जायचंय. मी चांगलं लुगडं नेसले. गाडी पुलाशी थांबली तेव्हा कळलं."

"गो बाय!" जनीबाई म्हणाल्या.

"बंदुकवाली पोरं चारी बाजूंनी. तो म्होरक्या खुर्चीत बसलेला. माझ्याकडे बोट दाखवून ह्यांना म्हणाला, हिला कशाला आणलं? हे म्हणाले, तू मला मारलंस तर हिला सांगायला कोण जाणार? म्हणून बरोबरच आणली."

म्होरक्या हसला. मग त्याने जनरलना खुर्ची दिली. जनरलनी आपणही शिपाई म्हणूनच सुरुवात केली हे त्याला सांगितलं. बोलणं दुपारपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल उघडला आणि सगळी कुटुंबं ट्रकांमधून बंदरावर गेली. कुणाला ओरखडा आला नाही. दिल्लीच्या वर्तमानपत्रांत जनरलचा फोटो आला.

"मग चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"चांगलंच झालं," लहानीबाई म्हणाल्या. "माणसं वाचली. पण गुरुजी, मला ह्यांनी विचारलं नाही. त्यानंतर मी महिनाभर ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना वाटलं, घाबरलीय. मी घाबरले नव्हते. विचारलं असतं तर मी गेलेच असते."

जनरल तेव्हा अंगणात होते. त्यांनी हे ऐकलं असणार, पण ते वर आले नाहीत.

२०००मध्ये ते दोघं देशात परतले, तेव्हा पुण्यात वानवडीला त्यांचा फ्लॅट तयार होता. मूलबाळ नव्हतं. जनरलनी ठरवलं, की आता आयुष्य गावी काढायचं. त्यांनी ते लहानीबाईंना सांगितलं, आणि लहानीबाईंनी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नाही म्हटलं, असं जनरलच मला म्हणाले होते. लहानीबाईंचं म्हणणं सरळ होतं. चूल, शेण, विहीर यांतून त्या एकदा बाहेर पडल्या होत्या. बदल्या होतील तिकडे त्या मुकाट्याने गेल्या होत्या. आता कुठे राहायचं ते त्या स्वतः ठरवणार होत्या, आणि त्यांनी पुणं ठरवलं होतं. तुम्हाला जायचं तर जा, मी अधूनमधून येईन.

म्हणून जनरल एकटेच आले. जुन्या खळ्याच्या जागेवर त्यांनी दोन खोल्या बांधल्या, पुढे ओटा. दोन्ही वेळची भाकरी जनीबाईंच्या घरून जाई. पहाटे उठून ते माळशेजच्या दिशेने चालायला जात. भरतीसाठी चिठ्ठी द्या म्हणून लोक आसनगाव-शहापूरकडून यायचे. चिठ्ठी त्यांनी कुणालाच दिली नाही. उलट पोरांना म्हणायचे, पहाटे रस्त्यावर ये, तुझी धाव बघतो. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी येत नसत. गावात त्यामुळे नाराजी होती. एवढा मोठा माणूस, पण उपयोग काय, असं मी टपरीवर ऐकलेलं आहे.

धाऊंशी त्यांचं बरं होतं. दोघं संध्याकाळी ओट्यावर बसत आणि फारसं बोलत नसत. धाऊ विडी ओढत, जनरल रेडिओ लावत. एकदा धाऊ मला म्हणाले, "लहानपनी लय बडबड्या व्हता. फौजेनं गप केला."

कुंपणाची तार लागली ती २००२च्या हिवाळ्यात.

माळशेजच्या रस्त्यालगत तेव्हा मुंबई-ठाण्याचे लोक फार्महाउससाठी जमिनी शोधत फिरत होते. धाऊंच्या ओढ्याकडच्या शेताला कल्याणचं गिऱ्हाईक आलं. त्याची अट एवढीच, की जागा बंदिस्त पाहिजे, आतून कुणाची ये-जा नको. धाऊंच्या मुलाला, साईनाथला, टोकावडे-मुरबाड मार्गावर जीप चालवायची होती. तो आधीच गाड्या बघत फिरत होता. म्हणून धाऊंनी खांब रोवून काटेरी तार ओढली. सौदा पावसाळ्यानंतर व्हायचा होता.

त्या शेताच्या बांधावरून ठाकरवाडीची वाट जायची. वाडी गावाच्या वरच्या अंगाला. वाडीतल्या कुणाचीही जमीन नव्हती. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडावर परत येत. त्यांचं मसण ओढ्याकाठी, आणि तिथे जायला पिढ्यांपासून हाच बांध.

२००३च्या जुलैत, एका रविवारी, वाडीतल्या बुधूची आई वारली. बुधू म्हणजे वाडीचा बोलता माणूस. रेशनचं काम असो की दवाखान्याचं, लोक त्याला घेऊन जात. पाऊस सकाळपासून लागून राहिला होता. तिरडी घेऊन माणसं तारेपाशी आली आणि थांबली. मी आणि जनरल ओट्यावर होतो, तिथून ते शेत समोरच दिसतं. कुणी ओरडलं नाही. बुधू तारेला हात लावून उभा राहिला, मग त्याने मागे वळून काहीतरी सांगितलं. तिरडी वळली. सडकेने गेलं की ओढा ओलांडावा लागतो; लांबचा फेरा घेऊन ते सगळे खालच्या अंगाने ओढ्यात उतरले. पाणी कमरेच्या वर होतं. तिरडी खांद्यांवरून हातांवर, डोक्यांवर घेतली गेली. मध्ये एकाचा पाय सुटला आणि तिरडी एका बाजूला कलली, पण धरली. एवढं होऊन ते पलीकडे पोचले.

जनरल उभे राहून पाहत होते. मला म्हणाले, "ही तार कधीपासून आहे?"

"हिवाळ्यापासून."

"मी रोज बघतोय की," ते म्हणाले.

बुधू दहाव्यानंतर आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला. जनरल म्हणाले वर बस, तेव्हा पायरीवर बसला.

"साहेब, तुमी दादांशी बोला," तो म्हणाला. "आमाला शेत नको, बांध नको. माती झाली का तेवढा टाइम चालू द्या."

"तुम्ही स्वतः बोललात?"

"तीनदा बोललो. ते म्हनतात, सडकेनं जा. सडकेनं उन्हाळ्यात जाता येतं. पावसात मानूस मरू नये, असं कसं सांगायचं?"

जनरलनी बोलायचं कबूल केलं.

मी भिंतीपलीकडेच राहत असल्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच बोलण्यांना साक्षी आहे. जनरल घाईत नव्हते. पहिल्यांदा त्यांनी नुसतं विचारलं. मग म्हणाले, तारेला एक फाटक ठेव. धाऊ म्हणाले, गिऱ्हाइकाला फाटक चालत नाय. मग जनरलनी सुचवलं, वाट बांधावरून काढून अगदी कडेला नेऊ, गिऱ्हाइकाशी मी बोलतो. ते कल्याणला जाऊन खरंच बोलून आले. तो माणूस त्यांच्याशी अदबीने वागला, चहा दिला आणि म्हणाला, सर, फार्महाउसच्या खिडकीतून प्रेतं दिसलेली घरच्यांना चालणार नाहीत.

शेवटचं बोलणं गणपतीच्या आधी झालं. धाऊंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"तिकडं तुज्यामागं सरकार व्हतं," धाऊ म्हणाले. "जहाज व्हतं. हितं तुज्यामागं कोन हाय? बुधू?"

"दादा, मागे कोण आहे याचा प्रश्न नाही."

"मंग कशाचा हाय? मी नांगर धरला चाळीस वर्सं. आईबापाची माती मी केली. तू आलास पोस्टातली तार मिळाल्यावर. मी कवा बोललो? तुजं नाव झालं, आमाला बरं वाटलं. आता माजा पोरगा जीप घेतो म्हनतो, तर तुला वाडीवाल्यांचा कळवळा आला."

"मी तुझ्याकडे काहीच मागितलं नाही आजवर."

"मंग माग!" धाऊ म्हणाले. "तुजं नाव हाय सातबाऱ्यावर. वाटनी माग, घे तुजा हिस्सा, आनि दे कोनाला द्यायचा त्याला. हाय हिंमत? पंचांपुढं काय बोलला व्हतास ते गावाला ठावं हाय."

जनरल उठून आपल्या घरी गेले.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस ते पहाटे चालायला गेले नाहीत. मी संध्याकाळी जाऊन बसत असे. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, दादा बरोबर बोलला. रस्ता त्यानेच दाखवला. फक्त त्याला वाटतंय, की मी तो धरणार नाही."

"तुम्ही धरणार?"

"शब्द दिलाय. शब्द मोडला तर मग माझ्या बोलण्याला काय राहिलं? आणि नाही मोडला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच बघायचं, ओट्यावर उभं राहून."

त्यांनी टपरीशेजारच्या एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. मला काही कामाने तिथेच थांबावं लागलं होतं, त्यामुळे एका बाजूचं बोलणं कानांवर पडलं. त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं, एखादा अहवाल द्यावा तसं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. जनरल म्हणाले, "नाही. विचारतोय."

मग बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "विचार करून सांगते म्हणाली."

लहानीबाईंनी फोनवरून काहीच सांगितलं नाही. त्या चार दिवसांनी पुणे-कल्याण एसटीने आल्या, सोबत एक बॅग आणि छोटा गॅस. जनरलनी बॅग घ्यायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "माझी मी आणलीय इथपर्यंत, अजून तेवढं चालते."

त्यांनी विचार करून काय ठरवलं ते मला जनरलनी नंतर सांगितलं. वाटणी मागायची. पण तहसीलला जायच्या आधी, दादा आणि जनीबाई दोघांसमोर बसून, तोंडावर सांगायची. आणि वाटेपुरतीच पट्टी घ्यायची, त्याच्यावर एक हातसुद्धा नाही. जनरल म्हणाले होते, हे माझं मी सांगेन, तू येऊन वाईटपणा घेऊ नकोस. त्यावर लहानीबाई म्हणाल्या, "मी येणार आहे. तुम्ही नेताय म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पडवीत येऊन बसले. साईनाथ कामाला गेला होता. जनीबाईंनी चहा ठेवला. जनरलनी चहाला हात लावला नाही.

"दादा, मी वाटणी मागायला आलोय," ते म्हणाले. "बाबांच्या तेराव्याला मी नको म्हटलं होतं. तो शब्द मी आज मोडतोय. ओढ्याकडच्या बांधालगतची चालायची वाट एवढीच मागतोय. बाकी सगळं तुझं. ते मी आता लिहून देईन."

धाऊंनी लहानीबाईंकडे पाहिलं.

"लहाने, तुला पन हे पटतं?"

"पटतं, दादा."

"कल्यानवाला सौदा मोडंल. साईनाथची जीप जाईल."

"ठावं हाय मला," लहानीबाई म्हणाल्या. एवढं एकच वाक्य त्या धाऊंच्या बोलीत बोलल्या. "त्याचं वाईट वाटतं. तरी पटतं."

"पट्टी कशाला?" धाऊ म्हणाले. "अर्धं घे. कायद्यानं अर्धं हाय तुजं."

"अर्धं नको."

"घे म्हनतो ना! म्हंजे मला पन बोलता येईल, का भावानं अर्धं घेतलं. पट्टी घेतली तर लोक तुलाच देव म्हनतील."

मला वाटतं, त्या सगळ्या बोलण्यात धाऊंचं हेच वाक्य जनरलना सर्वांत जास्त लागलं. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील ते माझ्या हातात नाही, दादा."

धाऊ उठले. आत जाता जाता जनीबाईंना म्हणाले, "आजपासून ह्यांच्याकडं भाकर जायाची नाय."

जनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण भाकर गेली नाही.

धाऊ कोर्टात गेले नाहीत. मोजणी झाली, तेव्हा ते बैल घेऊन दुसऱ्या शेतात होते. जिथे बोलावलं तिथे येऊन अंगठा दिला, कुणाशी बोलले नाहीत. पट्टी जनरलच्या नावावर झाली आणि त्यांनी ती लगेच ग्रामपंचायतीला देऊन टाकली. उरलेल्यावरचा हक्क त्यांनी लिहून सोडला. तार त्या बाजूने काढून आत सरकवली गेली. कल्याणच्या माणसाने पुढे टोकावड्याजवळ दुसरी जागा घेतली. साईनाथला जीप मिळाली नाही. तो मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागला, आणि काकाचं घर ओलांडताना मान दुसरीकडे वळवू लागला.

वाडीने मिरवणूक वगैरे काढली नाही. बुधू एकदा येऊन गेला. जनरल म्हणाले, "आता कुणी अडवणार नाही."

"व्हय," बुधू म्हणाला. "चालत तर आमी पहिल्यापासून व्हतो. आता कागदावर आली." मग उठताना म्हणाला, "तुमचं आनि दादांचं बिघडलं, ते काय बरं झालं नाय."

त्यानंतर जनरलचा संसार गॅसवर चालला. लहानीबाईंनी कायमचं राहायचं कबूल केलं नव्हतं. दोन महिने इथे, महिनाभर पुण्यात, अशी त्यांनी आपली घडी बसवली. वीज गेली की त्या मोठ्याने वैतागत, पालीला घाबरत. पावसाळ्यात मात्र सलग राहत. गंमत म्हणजे जनीबाईंशी त्यांचं तुटलं नाही. धाऊ शेतावर गेले की जनीबाई मागच्या दाराने येत. धाऊंना हे माहीत होतं. त्यांनी बायकोला बंदी कधी केली नाही, आणि विचारलंही नाही.

जनरल थकत गेले. गुडघा दुखायला लागला, चालणं गावाच्या वेशीपर्यंत आलं. पहाटे धावायला येणारी चार-पाच पोरं मात्र टिकली होती. त्यातला एक वाडीचा मंगेश. तो २००६ला फौजेत गेला तेव्हा जनरलनी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला माणूस दिला नाही, उपदेशही केला नाही. नुसतं म्हणाले, "पायांची काळजी घे." सबंध गावाशी त्यांचं नातं त्याच प्रकारचं राहिलं. लोक त्यांना मान देत, लांबून. ते मला एकदा म्हणाले होते, की बंडखोराशी बोलणं सोपं गेलं, कारण तो मला ओळखत नव्हता.

२००८च्या मे महिन्यात साईनाथच्या मुलीचं, अक्षदाचं लग्न निघालं. आमंत्रणाच्या अक्षता घेऊन जनीबाई पुढच्या दाराने आल्या. धाऊ बरोबर नव्हते. लहानीबाईंनी विचारलं, "दादांनी सांगितलं म्हणून आलीस का?"

"तेनी सांगितलं नाय, नको पन म्हनले नाय," जनीबाई म्हणाल्या.

दोघं लग्नाला गेले. मांडव धाऊंच्याच अंगणात होता, म्हणजे त्यांच्या ओट्यापासून काही पावलांवर. जनरल मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पुढे बसा म्हणून सरपंच आग्रह करायला आला, तर त्याला हाताने नको म्हणाले. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. धाऊ सत्तरीच्या पुढचे, तरी त्यांनी हट्टाने भाताची परात धरली होती. एकेकाला वाढत ते आमच्या रांगेत आले. मी जनरलच्या शेजारीच होतो. धाऊंनी मला वाढलं. मग जनरलच्या पत्रावळीवर भात घातला. नजर वर केली नाही.

"साधं वरन घालू का आमटी?" धाऊंनी विचारलं.

"साधं," जनरल म्हणाले.

"तूप?"

"वाढ."

धाऊंनी मागच्या पोऱ्याकडून तुपाची वाटी घेतली आणि स्वतःच्या हाताने वाढली. जरा जास्तच. मग पुढे गेले. साडेचार वर्षांत दोघं बोलले ते एवढंच. लहानीबाई समोरच्या पंगतीत होत्या. त्यांनी पाहिलं आणि खाली मान घालून जेवू लागल्या.

त्या दिवसापासून सगळं पूर्ववत झालं असं नाही. संध्याकाळची बैठक पुन्हा सुरू झाली नाही. पण पावसाबद्दल, बैलाच्या खुराबद्दल, रस्त्यावर झालेल्या अपघाताबद्दल ते अंगणातून एकमेकांना काही सांगू लागले. जमिनीचा विषय निघाला नाही. साईनाथ शेवटपर्यंत बोलला नाही.

२००९च्या जूनमध्ये जनरलना श्वास लागायला लागला. लहानीबाई त्यांना पुण्याच्या लष्करी रुग्णालयात घेऊन गेल्या. जुलैत तिथेच ते गेले. सकाळी गावात निरोप आला. धाऊ लावणीत होते. चिखलाचे पाय ओढ्यात धुऊन ते घरी आले आणि साईनाथला म्हणाले, "चल." साईनाथ निघाला. घाटात दरड कोसळली होती. एसटी चार तास उभी राहिली. ते पुण्यात पोचले तेव्हा मानवंदना, बंदुकीची सलामी सगळं उरकलं होतं. अधिकारी निघून गेले होते.

धाऊ वानवडीच्या फ्लॅटवर दिवसकार्य होईपर्यंत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते पुण्यात आले होते. परत आल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी फ्लॅटबद्दलच सांगितलं. पाणी चोवीस तास येतं, लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो, गॅलरीतून झाडं दिसतात पण कुणाची ते कळत नाही. लहानीबाईंनी त्यांना रोज तांदळाची भाकरी करून घातली. भिंतीवर जनरलचे फोटो होते, मोठमोठ्या लोकांबरोबरचे. धाऊंनी ते एकेक करून पाहिले.

"वळखू येत नव्हता काही फोटोंत," ते मला म्हणाले. "लहानी सांगत व्हती, हा कुठला, तो कुठला."

मग त्यांनी डोक्यावर घोंगडी घेतली आणि शेताकडे निघाले. लावणी अर्धी राहिली होती.